शांतारामभाऊंचा अंगठा

उन्हात वाळवायच्या सुकेळीसाठी पिकत घातलेलं राजेळी केळं सोलायला झालं की नाही, हे निर्मळ गावचे शांतारामभाऊ नुसता अंगठा टेकवून सांगत. चाळीस वर्षांत त्यांचा शब्द खोटा पडला नव्हता.

त्याच अंगठ्याने त्यांनी बंड्याच्या जबड्याखालची गाठ दाबून पाहिली. नऊ वर्षांचा तो गावठी कुत्रा कण्हला नाही, उलट त्यांचा हात चाटत राहिला.

"दुखत नाही म्हणजे काही नाही. हाडूक लागलं असेल," भाऊंनी निकाल दिला.

बायको आशालता रोज हळदीचा लेप लावू लागली. सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली. भाऊ गळ्यातला पट्टा एकेक भोक सैल करत गेले. शेजारचा निकोलस कुंपणापलीकडून ओरडायचा, "भाऊ, सगळी सुकेळी यालाच चारता काय? मान बघा, पाटलासारखी झालीय!" भाऊही हसायचे.

तीन महिन्यांनी बंड्याच्या तोंडातून घास सांडायला लागला. तेव्हा कुठे भाऊ त्याला स्कूटरवर पुढ्यात बसवून पापडीला जनावरांच्या डॉक्टर उन्नतीकडे घेऊन गेले.

"काका, सुई घालून बघते," गाठ चाचपून ती म्हणाली. "मधासारखी चिकट लाळ आली तर बरं. लाळेची नळी फुटून साचली असेल, त्यावर इलाज आहे."

"आणि नाही आली तर?"

"मग काचेवर पेशी बघाव्या लागतील. गाठ जरा टणक लागतेय."

भाऊंनी बंड्याचं डोकं पोटाशी धरलं आणि सुईकडे डोळे लावले. तार धरणारी लाळ आलीच नाही. आलं ते थेंबभर, लालसर.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. लाळग्रंथीचा कर्करोग. एक्स-रेमध्ये फुप्फुसांवरही ठिपके होते.

"कापून नाही काढता येणार?"

"छातीत उतरलाय, काका. आता त्याला दुखू द्यायचं नाही, एवढंच."

भाऊ अंगठ्याने टेबलाची कड घासत राहिले. "बाय, गाठ दिसली तेव्हाच आणला असता तर?"

उन्नतीने एक्स-रे पाकिटात सरकवला. "तेव्हा कदाचित काढता आली असती," ती म्हणाली. "अशा गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत, काका."

आशालता ओट्यावरच वाट बघत होती. भाऊंनी रिपोर्टमधलं सगळं सांगितलं. शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर तेवढं सांगितलं नाही. ती बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आपण काय करणार होतो? नशीबच तेवढं घेऊन आला बिचारा."

"हो," भाऊ म्हणाले, "नशीबच."

आणि त्याच्यासाठी भात कालवायला आत गेले.