न आलेल्या औषधाची वाट

आजवर कोणालाही न सांगितलेलं आधी सांगतो. माझ्या थोरल्या भावाने गोळ्या बंद केल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. पाच आठवड्यांपूर्वी तो गेल्याचा फोन शहापूरला माझ्या घरी आला, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमच्या औषधाला उशीर झाला हो..."

दादा मुरबाडला शिंपी. नव्वदचं दशक सरताना त्याचा हात थरथरू लागला, वहीतली मापं मुंगीएवढी बारीक झाली. मी तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचो. पुढे तिथे दादाच्याच आजारावर, कंपवातावर, काम सुरू झालं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत एक जनुक बसवून ते मेंदूत सोडायचं. मग मेंदू स्वतःच या आजारातली आतली सूज उतरवणारं एक छोटं प्रथिन तयार करतो. एका रविवारी हे मी दादाला रंगवून सांगितलं. त्याने मशीन थांबवलं.

"उंदीर सरळ चालला का रे?"

"चालला."

"बघ गो," तो वहिनींकडे वळला, "उंदराला पन मुंबईत चांगला डाक्टर मिळतो. पुढल्या जलमी उंदीरच व्हतो मी!"

त्यानंतर दर रविवारी तोच विषय. घरात माझा मान वाढला... मला तो आवडला. खरं असं होतं, की त्या उंदरांना जनुक आधी दिलं होतं आणि आजार मागाहून लावला होता. आधीच आजारी असलेल्या उंदरांना काही फरक पडला नाही. माणसापर्यंत तर आम्ही पोचलोच नव्हतो. एकदा दादाने विचारलं, "या गोळ्या पोटात असल्या तर तुमचं औषध चालंल ना? उंदराला कोन गोळ्या देत नसंल." मी म्हणालो, "थांब जरा, विचारून सांगतो." विचारायचं काय होतं? महिन्याभराने दादाच्या मशीनच्या खणात कात्री शोधताना गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या दिसल्या. मी खण परत ढकलला. बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

दादा लाकडासारखा ताठरला. घास गिळवेना, ठसक्यातून अन्न छातीत उतरून न्यूमोनिया झाला. शेवटच्या भेटीत ओठ हलले, "अजून किती दिस?" मी म्हणालो, "थोडेच."

परवा मुरबाडला गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक नाही, तरी वहिनी सकाळी फळ्या काढतात, झाडतात, उंबऱ्याशी बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, धाकट्याचं औषध वर्षभर आधी आलं असतं तर... हा लेख त्यांना कोणीतरी वाचून दाखवेल. तेवढ्याने भागत नाही. औषध नव्हतंच, हे त्यांच्यासमोर बसून माझ्या तोंडाने सांगणं अजून राहिलं आहे.