ब्रिस्केट कुणाचं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुग्धाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

मी बीफ खातो, ही काही कबुली नव्हे. पुण्यात आईलाही ते ठाऊक आहे. तिने एकदा रडून घेतलं आणि विषय मिटला. मुग्धा, माझी बायको, अंडंसुद्धा खात नाही, पण तिने मला कधी अडवलं नाही. सुरी वेगळी, भांडी वेगळी, एवढीच तिची अट. मग लपवण्यासारखं उरलं काय? सांगतो — जरा वळसा घालून का होईना.

इंग्लंडात ब्रॅकनेलला घर घेतलं तेव्हा मी मागच्या गार्डनमध्ये सिरॅमिकची ग्रिल आणली. रांजणासारखी, जाड भिंतींची. तळाला कोळसा, वर-खाली हवेच्या झडपा, आणि आत ब्रिस्केट — छातीकडचा चिवट तुकडा — दहा-बारा तास मंद धुरावर. ऑफिसातल्या मित्रांना शुक्रवारी संध्याकाळी बोलवायचो. पण दिवसभर माझ्या मीटिंगा संपायच्या नाहीत, आणि मुग्धाला शुक्रवारी सुट्टी. “जरा तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवशील?” म्हणालो, आणि ती ठेवू लागली.

ती रमलीच त्यात! खायचं नाही, हात लावायचा नाही, पण आत काय चाललंय ते मात्र कळलंच पाहिजे. एकदा मांसाचं तापमान सत्तरच्या आसपास अडकलं, तीन तास हलेना. मी आणखी कोळसा घालायला निघालो. “थांब रे, त्याला घाम सुटलाय,” ती म्हणाली. “माठात पाणी गार कसं होतं? तसंच. पेपरमध्ये रॅप कर, चढेल.” चढलं. ऑफिसातले लोक बोटं चाटत विचारायचे, कुठे शिकलास हे? मी नुसता हसायचो. तेही खोटंच — पण लहान.

मोठं खोटं ऑगस्टमधलं. साठेकाका आले होते, आमच्या इथल्या मराठी मंडळाचे जुने कार्यकर्ते. मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक दरवर्षी मुग्धा करायची, आणि त्यात तिचा जीव होता. काका तिच्यासाठी मंडळाचं मोठं मोदकपात्र घेऊन आले होते. बाजूच्या दाराने थेट मागेच आले. मुग्धा जाड हातमोजे घालून ग्रिलपाशी उभी होती. त्यांना बघताच ती चहा टाकायला आत गेली.

“काय रे, आज बार्बेक्यू वाटतं?”

“बीफ आहे काका.” इथेच थांबलो असतो तर? पण त्यांचा चेहरा उतरला, आणि मी म्हणालो — “मी नाही हो. हिचंच खूळ. तिला आवडतं, काय करणार?”

कुठून आलं हे? ठरवलेलं तर नव्हतं. मला अजून नवल वाटतं ते याचं, की जीभ जराही अडखळली नाही. मी घाबरलो, आणि हाताशी होती ती बायको पुढे केली.

काका चहाला थांबले नाहीत. मोदकपात्र गाडीतून उतरलंच नाही. ट्रे घेऊन आलेल्या मुग्धाला मी सांगितलं, घाईत होते. त्या वर्षी मोदकांसाठी मंडळाचा फोन आला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

“माझे मोदक बिघडले होते का रे?” तिने विचारलं. खरं बोलायची आणखी एक संधी — आणि मी काय म्हणालो? “पारी जरा जाड झाली होती बहुतेक.”

तेव्हापासून दर संकष्टीला ती मोदक करते. कधी तांदूळ बदलते, कधी उकडीला पाणी कमी-जास्त करते. परवा पारी इतकी पातळ होती की आतलं सारण दिसत होतं. मी खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आता जमली ना? मग मी स्वतःच काकांना फोन करते.”

मी म्हणालो, “अजून किंचित जाड वाटते.”