बर्फाचं प्लगिन

अरुण गेला त्या सकाळी मी माझी वेबसाइट बिघडवत बसलो होतो. खोटं नाय सांगत. भांडी बाजारातल्या आमच्या तांब्या-पितळेच्या दुकानाची वेबसाइट. हंडे-कळशा गोल फिरवून दाखवणारं काहीतरी टाकलं आणि सगळी भांडीच गायब झाली. मी खूश. अरुणला फोन लावणार, तेवढ्यात त्याच्याच नंबरवरून आला. मी उचलून म्हणलो, "ये लवकर, साइट परत पडली." पलीकडं त्याची पोरगी रडत होती...

सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. तो पुढं गेला, मी बाकावरच राहिलो. तो लोकांच्या वेबसाइट बनवायला लागला, मी भांडी घासायला. माझी साइट त्यानंच बनवली. "काही वाढवायचं असलं तर मला सांग, मी लिहून देतो," म्हणायचा. पण मी हुशार! मोबाइलवर बघितलं होतं, प्लगिन म्हणजे तयार पुर्जा, बटण दाबलं की साइटला बसतो. मग डेव्हलपर कशाला? बसवता बसवता सव्वीस झाली. एक तर असं होतं, गिऱ्हाइकानं तांब्या उघडला की वरून बर्फ पडायचा. नाशकात! अरुण बघून म्हणला, "बाळ्या, दुकान हाय का सर्कस?" मी म्हणलो, "सर्कशीत माणसं तरी येतात." त्यानं बावीस काढून टाकली. "फोटोबिटोला प्लगिन चालतं रे. पण तुझा भाव वजनावर, तो हिशेब मी हातानं लिहिलाय. त्याच्यावर भलतं काही चढवलंस की दोघं भांडतात आणि साइट पडते."

हे मी नीट ध्यानात ठेवलं. कारण मग माझी बायको सुमन गेली, आणि दुकानात मी आणि भांडी राहिलो. भांड्यात तोंड बघावं तर ते पण वाकडं. एकदा खरंच चुकून साइट पडली. अरुण स्कूटरवर आला, गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसला, दोनदा चहा झाला, दुपार गेली. त्यानंतर मी चुकलो नाय... मुद्दाम केलं. पंधरा दिवसाला एक प्लगिन. तो यायचा, शिव्या घालायचा, "गाढवा, तुला अक्कल कोणत्या प्लगिननं बसवू?" मी मान खाली घालून मनात हसायचो, काय फसवला ह्याला!

तो जाऊन सव्वा महिना झाला. साइट तशीच पडलेली. परवा त्याच्या पोरीनं त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका ताईला पाठवलं. तिनं तासाभरात सगळं सरळ केलं. मग म्हणली, "काका, एक कळत नाही. सर सगळ्या गिऱ्हाइकांचं प्लगिन टाकायचं बटण बंद करून ठेवायचे. एका टिचकीचं काम. तुमचं तेवढं चालू ठेवलंय."

मी भांडं पुसत राहिलो.

"करू का बंद?"

"नको, ताई. राहू दे."

म्हणजे फसला कोण, ते कळायला मला एवढे दिवस लागले. सातवी नापास, दुसरं काय.

स्टुलाचा एक पाय तोकडा हाय. त्याच्याखाली अरुणनं घातलेली पुठ्ठ्याची घडी अजून तशीच. काल दुपारी ते स्टूल जवळ ओढलं आणि बर्फाचं प्लगिन परत टाकलं. म्हणलं, बघू. पण ताईचं काम पक्कं निघालं. साइट पडली नाय, काहीच बिघडलं नाय... नुसता बर्फ पडत राहिला, तांब्यावर, कळशीवर, घंगाळावर.