स्पॅनिश, सरळगाव-किन्हवली मार्गे

भाषा शिकायला पुस्तक लागत नाही, शिक्षक लागत नाही, डोकं तर अजिबातच लागत नाही. लागते ती फक्त वेळेवर सुटणारी गाडी, असं मानणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमचा घरमालक आहे. मुरबाडच्या बसस्टँडवर काकांनी आयुष्यभर कंट्रोलरची नोकरी केली. कुठली गाडी लागली, कुठली सुटणार, कुठली रद्द झाली, हे माइकवरून सांगायचं काम. माइक हातातून सुटून बरीच वर्षं झाली, पण आवाज तिथेच राहिला. घरातसुद्धा ते साधं बोलत नसत. 'चहा झाला' एवढंच सांगायचं असलं तरी 'चहा ओट्यावर लागलेला आहे, पिणाऱ्यांनी त्वरित लाभ घ्यावा' असं बाहेर पडायचं. काकी होत्या तोवर आतून उत्तर यायचं, "कपबश्या डेपोत पडल्यात, कंट्रोलरसाहेब. धुवून घ्या आणि मग लाभ घ्या." काकी गेल्या आणि घोषणा चालूच राहिल्या. प्रवासी एकही नाही आणि घोषणा मात्र चालू, असं एखादं स्टँड तुम्ही दुपारच्या वेळी पाहिलं असेल तर त्या घराची कल्पना येईल.

त्या घराच्या वरच्या खोलीत मी राहतो. मी वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजसाठी मुरबाडला आलो तेव्हा काकांनी खोली दिली, आणि नोकरी शहापूरच्या एका कार्यालयात लागली तरी ती खोली सोडवली नाही. परीक्षेच्या सकाळी मला कधी घड्याळ लागलं नाही. जिन्याखालून आवाज यायचा, "वैशाखऱ्याचे परीक्षार्थी, वैशाखऱ्याचे परीक्षार्थी, जिथे कुठे झोपले असतील तिथून त्वरित खाली यावेत." खाली आलो की काकी हातावर दही ठेवायच्या. माझी पदवी कागदावर माझ्या नावाची आहे, पण ती अर्धी त्या आवाजाची आणि अर्धी त्या दह्याची आहे, असं मी अजून मानतो.

काकांचा मुलगा वाशिंदच्या एका कारखान्यात होता. तिथे स्पेनहून मशिनं आली, मशिनांबरोबर तिकडची माणसं आली, आणि मशिनं बसवून ती माणसं परत गेली तेव्हा काकांच्या मुलालाही घेऊन गेली. त्याने तिकडेच संसार केला. सूनबाई तिकडच्या, आणि त्यांची मुलगी, म्हणजे काकांची एकुलती एक नात, स्पॅनिशशिवाय काही बोलत नाही. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. काका धुतलेला सदरा घालून मोबाईल तांब्याला टेकवून बसायचे आणि नातीला सांगायचे, की माळशेजात एकदा दरड कोसळली, गाडी रात्रभर घाटात अडकली, त्यात एक बाई बाळंत झाली आणि मुलाचं नाव गाडीच्या ड्रायव्हरवरून ठेवलं. एवढं सगळं ऐकून मुलगा तीन शब्द स्पॅनिशमध्ये टाकायचा. नात मान हलवायची आणि खेळायला जायची. फोन संपला की काका मला हाक मारायचे. "बघ रे, मी अख्खा घाट चढून उतरतो, आणि हा तिला सांगतो, आजोबा गाडीत होते. झालं. असा दुभाषी नको मला. माझं मी बोलेन तिच्याशी. ती मोठी होऊन मोबाईल बाजूला ठेवायला लागायच्या आत बोलेन."

अशी सुरुवात झाली. काकांनी पहिल्याच दिवशी ठरवलं की फक्त क्रियापदं शिकायची. त्यामागे विचार होता. "नाम कशाला पाठ करायचं? कोंबडी दाखवायची तर कोंबडी उचलून फोनपुढे धरता येते. चिकू दाखवता येतो. पण 'वाट बघणे' दाखव बघू मला धरून." मी मोबाईलवर भाषा शिकवणारं एक अ‍ॅप घालून दिलं होतं. त्याने पहिल्या धड्यात 'मुलगा सफरचंद खातो' असं शिकवलं, आणि काकांनी ते कायमचं बंद केलं. "मुरबाडात सफरचंद खातो कोण? आजारी माणूस. सुरुवातच दवाखान्यातून करतंय." क्रियापदांची रूपंही त्यांनी नाकारली. मी, तू, तो, काल, आज, उद्या, एवढी रूपं चालवायला आपल्याकडे आयुष्य शिल्लक नाही, मूळ क्रियापद घ्यायचं आणि पुढे आपली मराठी जोडायची, असा त्यांचा निकाल. त्यामुळे ते नातीला 'आजोबा आता दोर्मीर करतील, याची नोंद घ्यावी' असं सांगायचे. दोर्मीर म्हणजे झोपणे.

पण पाठ होईना. सकाळी घोकलेलं दुपारी जायचं. मग एके दिवशी त्यांना उमगलं, की आपल्याला जन्मात एकच गोष्ट पक्की पाठ झाली आहे, ती म्हणजे गाडीचे थांबे. लगेच त्यांनी मुरबाड-शहापूर मार्गावरच्या थांब्यांना एकेक क्रियापद वाटून टाकलं. मुरबाड स्टँड म्हणजे एस्पेरार, वाट पाहणे, कारण तिथे दुसरं काय करतात. सरळगावच्या नाक्यावर गरम भजी मिळतात, म्हणून सरळगाव म्हणजे कोमेर, खाणे. नदीवरचा पूल म्हणजे बेबेर, पिणे. वीटभट्टीचा थांबा म्हणजे त्राबाखार, काम करणे. शाळेचा फाटा म्हणजे लेएर, वाचणे. किन्हवली येईपर्यंत अर्धी गाडी पेंगलेली असते, म्हणून किन्हवलीला दोर्मीर. आणि शहापूर म्हणजे येगार, पोहोचणे. उजळणीसाठी ते रोज सकाळी माझ्याच गाडीने शहापूरला यायचे, स्टँडवर एक चहा घ्यायचे आणि त्याच गाडीने परत जायचे. थांबा आला की खिडकीशी बसून जुन्या आवाजात जाहीर करायचे, "सरळगाव. कोमेर. खाणे."

पहिले काही दिवस लोक एकमेकांकडे बघायचे. बाजाराला जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "काकी गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय गो." मला वाईट वाटायचं. पहिलीत गेलो तेव्हा घरी 'नाय' आणि शाळेत 'नाही', घरी एक आणि फळ्यावर एक, या धाकाने मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. आणि हे म्हातारपणी, भरल्या गाडीत, बिनदिक्कत तोंड उघडत होते. पण गाडीतल्या माणसांचं एक असतं, रोज कानावर पडलं की ते त्यांचं होतं. महिन्याभरात अर्धी गाडी काकांच्या मागून शब्द म्हणायला लागली, आणि आमच्या कंडक्टरताई घंटीची दोरी ओढताना स्वतःच ओरडू लागल्या, "चला, कोमेरवाले उतरा." भाजीची टोपली घेऊन येणारी एक मावशी तर काकांना डुलकी लागली की ढोसायची. "ओ कंट्रोलर, वीटभट्टी गेली. तुमचं त्राबाखार ऱ्हायलं ना." काका दचकून म्हणायचे, "त्राबाखार," आणि मावशी म्हणायची, "आता माज्या टोपलीला हात लावा, म्हणजे खरं त्राबाखार."

एक थांबा मात्र काका मोठ्याने म्हणत नसत. किन्हवलीच्या पुढे सागाच्या झाडीत एक विनंती थांबा आहे. आजूबाजूला घर नाही, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, नुसती एक गंजलेली पाटी. तिथे ते खिडकीबाहेर तोंड करून काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा विचारलं. "केरेर," ते अगदी हळू म्हणाले. "म्हणजे काय?" काकांनी पुढच्या सीटवरच्या बायांकडे पाहिलं. "म्हणजे आपलं… जीव लावणे. माया करणे. आता हे भरल्या गाडीत सरळगावला जाहीर करू का, या वयात? म्हणून इथे टाकलंय. इथे कोणाचं लक्ष नसतं."

या पद्धतीत एकच खोट होती. काकांना क्रियापद आठवायचं तर मुरबाडहून निघावं लागायचं. नातीने फोनवर काही विचारलं की काका डोळे मिटायचे, ओठ हलू लागायचे. मुरबाड, सरळगाव, पूल, वीटभट्टी. मी समोर बसून मनातल्या मनात गाडी ढकलत असायचो. काका किन्हवलीला पोहोचून डोळे उघडायचे आणि विजयाने 'दोर्मीर' म्हणायचे, तोवर खुर्ची रिकामी झालेली असायची. मुलगा म्हणायचा, "बाबा, ती गेली खेळायला." काका म्हणायचे, "गाडी उशिरा पोचली, दुसरं काय." मग मोबाईल पुसून ठेवायचे.

दिवाळीत ती सगळी येणार असं ठरलं. काकांचा बेत पक्का होता. नातीला मुरबाडच्या स्टँडवर गाडीत बसवायचं आणि शहापूरपर्यंत न्यायचं. मार्गावर गाडी उशिरा पोचायचा प्रश्नच नव्हता. थांबा समोर येणार, शब्द तोंडात येणार. कंडक्टरताईंना सांगून झालं. भाजीवाल्या मावशीने टोपली कमी आणायचं कबूल केलं. आणि मग एका रविवारी मुलाने सांगितलं की त्याची रजा नामंजूर झाली. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मग त्या जुन्या आवाजात, पण अगदी बारीक, म्हणाले, "काही तांत्रिक कारणास्तव गाडी रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल…" पुढचं वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा म्हटलेलं असणार. त्या दिवशी ते पुरं झालं नाही.

मीच म्हटलं, "काका, ती नाही येत तर गाडी तिच्याकडे नेऊ." पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीत काका खिडकीशी बसले, मी शेजारी मोबाईल धरून. तिकडे सकाळ होती. नात अर्धवट झोपेत, हातात दुधाचा पेला. गाडी निघाली. "सरळगाव. कोमेर," काका म्हणाले. मी भज्यांचा घाणा दाखवला. नातीने पेला खाली ठेवला आणि काहीतरी म्हणाली. पूल आला, काका म्हणाले, "बेबेर," आणि तिने पेला उचलून खरंच एक घोट घेतला. मावशी मागून वाकून बघत होती. "ही का तुमची नात? गोरी हाय, पण नाक तुमचंच गेलंय बिचारीला." वीटभट्टी, शाळेचा फाटा, किन्हवली. एकाही थांब्याला गाडी उशिरा पोचली नाही. नात खुर्चीवरून हलली नव्हती. ती प्रत्येक थांब्याचं नाव आपल्या परीने म्हणत होती, एकेक बोट मिटत होती.

आणि साग सुरू झाला. काकांचे ओठ आतल्या आत हलू लागले. चित्र थिजलं, मग गेलं. त्या झाडीत रेंज नसते, हे रोज जाणाऱ्या आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गंजलेली पाटी आली. काकांनी काळ्या पडलेल्या मोबाईलकडे पाहिलं, तोंड जवळ नेलं आणि हळूच म्हणाले, "केरेर." पाटी मागे गेली.

शहापूरच्या अलीकडे फोन पुन्हा वाजला. नात तिथेच होती, पाच बोटं मिटलेली, दुसऱ्या हाताचं एक बोट ताठ उभं धरून. ती भराभर काही विचारत होती. मागून मुलाचा आवाज आला. "बाबा, ती म्हणते, आबुएलोंचे ओठ हलत होते आणि मध्येच सगळं काळं झालं. तो थांबा कुठला होता आणि तिथे काय म्हणायचं असतं?" आबुएलो म्हणजे आजोबा. मला वाटतं, मुलाने पहिल्यांदाच काही न गाळता सांगितलं होतं.

गाडी भरलेली होती. काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि स्टँडवर शेवटच्या फलाटापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाले, "विनंती थांबा. केरेर." सवयीप्रमाणे मागून सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "केरेर." कंडक्टरताईंनी तर घंटीही मारली. मावशीने विचारलं, "हे नवीनच काढलंत. म्हणजे काय ओ?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय नाय. तिला कळलं."

त्या दिवशी संध्याकाळीही कॉल आला. मुलगा कामाचं काही सांगत होता, तेवढ्यात तिकडे आतून सूनबाईंची हाक आली. नात खुर्चीवरून उतरली, दोन पावलं गेली, परत फिरली आणि पडद्याशी तोंड आणून म्हणाली, "आबुएलो, सरळगाव." मुलगा भाषांतर करायला सरसावला, तशी काकांनी हात वर केला. "माहितीये. जेवायला गेली." थोड्या वेळाने मुलगाही उठून गेला, आणि फोन बंद करायचा तसाच राहिला. पडद्यावर रिकामी खुर्ची. आतून चमच्यांचे, हसण्याचे आवाज. काका उठले, दुपारची भाकरी आणि भाजी ताटात घेतली आणि मोबाईलसमोर मांडी घालून बसले. "तू जा वर," मला म्हणाले, "आमचं सरळगाव चाललंय."

अलीकडे गुडघ्यामुळे काकांना गाडीची पायरी चढवत नाही. सकाळी ते स्टँडवर येऊन आमची गाडी सोडतात आणि संध्याकाळी मला विचारतात, "सगळे थांबे म्हटले ना?" मी म्हणतो, म्हटले. काका दिवेलागणीलाच जेवून घेतात, याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटतं. कोणी म्हणतं साखर आहे, कोणी म्हणतं डॉक्टरांनी सांगितलं असेल. काका कोणाला काही सांगत नाहीत. तिकडे त्या वेळी दुपारच्या जेवणाची पानं वाढलेली असतात. फोन रविवारीच येतो, पण ताट रोज त्याच वेळेला मांडलं जातं. मी वरच्या खोलीत असतो. खालून घोषणा येते, "सरळगाव आलेलं आहे. जेवणाऱ्यांनी उतरून घ्यावं." मग काकी उत्तर द्यायच्या तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. आणि मग एका ताटाचा आवाज.