अक्कांचं उट्टं

"उट्टं काढल्याबिगर मी काही जात नसते," असं म्हणून अक्का दोन्ही तळहात एकमेकांवर झाडायच्या. ते हात झाडणं असं, की समोरचा आपोआप मागं सरकायचा.

तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, पण बऱ्याच मजेला मुकलात.

आमच्या तारनाक्याच्या अपार्टमेंटमध्ये अक्का तळमजल्यावर राहायच्या. तेलुगू असो की मराठी, सगळे त्यांना अक्काच म्हणत. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात त्यांची नोकरी झाली. तिथल्या एका साहेबानं त्यांची रजा नामंजूर केली होती. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाचं भाषण अक्कांनी मागून घेतलं आणि त्याच्या गुणांचं वर्णन इतकं लांबवलं, की रेल्वेतल्या त्या साहेबाची गावाकडची गाडी चुकली. "फार प्रेमानं बोलले हो," असं त्या पुढं सांगायच्या.

माझी बायको नांदेडकडची, अक्काही तिकडच्याच. त्यामुळं बायको त्यांची लेक आणि मी आपोआप जावईबापू. जावयाचा मान मला कधी मिळाल्याचं आठवत नाही. कामं मात्र मिळाली.

मग अक्कांना कॅन्सर निघाला. किमो सुरू झाली. किमोबरोबरच्या गोळ्यांनी त्यांची झोपच उडाली. त्यांची मुलगी पुण्याहून प्रत्येक किमोला यायची आणि नोकरीसाठी परत धावायची. मग अक्का आणि ती लांबलचक रात्र, दोघीच. "नुसतं पडून राहिलं की तो आतला जास्त कुरतडतो," म्हणायच्या.

अशात एके दिवशी आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी त्यांना भेटायला आले. सफरचंदं आणली, देवाचं नाव घेतलं, डोळे पुसले. बाहेर पडल्यावर मात्र त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली. इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमधली मोकळी जमीन त्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. अक्कांची झाडं होती ती जागा. कढीपत्ता, तगर, एक उगाच वाढलेलं वांगं. अक्का खिडकीतून बघत होत्या.

संध्याकाळी मीटिंग झाली. "अक्का की तबियत ऐसी है, अब बगीचे कू कौन देखता? सिमेंट डाल लेंगे, पार्किंग होजाती. दसरे के बाद काम शुरू," सेक्रेटरी म्हणाले. मी त्या मीटिंगला होतो आणि बिस्किटं खात होतो.

बातमी ऐकून अक्कांनी तळहात झाडले. "सफरचंदं देऊन माझी जागा मोजतो काय? थांब."

मला पित्ताचा त्रास आहे. मिरची भजी सोडवत नाहीत, म्हणून पित्त सोडत नाही. त्या रात्री छातीत जळजळ झाली म्हणून मी खाली फेऱ्या मारायला उतरलो, तर बागेत कुणीतरी वाकलेलं. डोक्याला कानांवरून बांधलेल्या फडक्याची टापर, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. मी ओरडणार, एवढ्यात ती आकृती वळली.

"जावईबापू, पित्त का? बरं झालं. धरा बॅटरी."

डॉक्टरांनी मातीत हात घालायला मनाई केली होती. "मातीला कुठं हात लावते? मोज्याला लावते," हे अक्कांचं उत्तर. झेंडूची रोपं लावून झाली होती आणि गोगलगायी त्यांचा फडशा पाडत होत्या. अक्का स्वयंपाकाच्या चिमट्यानं एकेक गोगलगाय उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. टाकण्याआधी तिचं बारसं करायच्या.

"ही माझी नणंद. गोमूत्र पी म्हणाली." डुबुक.

"हा भाचा. पॉझिटिव्ह राहा मावशी, म्हणतो. तू राहा." डुबुक.

"आणि हा टेपवाला." त्याला मात्र त्यांनी बादलीवर जरा वेळ लटकत ठेवलं.

मी बॅटरी धरून उभा. माझं नाव कधी येतंय ह्याची धास्ती वाटायची. पण खरं सांगतो, मजाही यायची. मग मी पित्त नसलं तरी उतरू लागलो.

पुढच्या किमोला त्या दवाखान्यात होत्या, तेव्हा माझ्या बायकोच्या मनात आलं, अक्कांना काहीतरी मदत करावी. ती शेतकऱ्याची मुलगी. बाग बघते तर झेंडूच्या पुढं अख्खी रांग कुरडूची. कुरडू म्हणजे आमच्याकडं ज्वारीतलं तण. दिसलं की उपटायचं, हे तिच्या हातालाच ठाऊक. तिनं पदर खोचला आणि दुपारच्या आत रांग साफ करून ढीग लावला.

अक्का परतल्या. रिक्षातून उतरताना त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. ढीग पाहिला आणि ताठ झाल्या.

"लेकी, हे कुणी केलं?"

"मी, अक्का. किती तण माजलं होतं!"

"अगं, तू टेपवाल्याकडून आहेस की माझ्याकडून?"

मग त्यांनी पायरीवर बसूनच सगळा बेत सांगितला. आपलं कुरडू म्हणजे इथल्या लोकांचं गुनुगु. दसऱ्याआधी इथल्या बाया फुलांची उतरंड रचतात, तिला बतुकम्मा म्हणतात, आणि तिच्याभोवती फेर धरतात. गुनुगुच्या फुलांशिवाय ती रचलीच जात नाही. अपार्टमेंटात त्यासाठी जागा नाही, म्हणून बायांना कचराकुंडीशेजारी, रस्त्यावर खेळावं लागायचं. ह्यावरून सर्वांत जास्त हळहळायची ती सेक्रेटरींची म्हातारी आई.

"तो कुणाचं ऐकत नाही," अक्का म्हणाल्या, "पण आईपुढं तो मांजर आहे."

बायको रडायला लागली. अक्कांनी तिला रडू दिलं नाही. अंधार पडल्यावर तिघांनी मिळून ढिगातली धडधाकट रोपं परत लावली. निम्मी जगली. उरलेल्यांच्या जागी नवी आणायला एका पहाटे अक्का माझ्या स्कूटरवर मागं बसून विद्यानगरकडच्या एका पडीक जागेवर आल्या. मी खुरप्यानं तण मुळासकट काढतोय आणि टापर बांधलेली बाई हुकूम सोडतेय, हे पाहून तिथला वॉचमन आला.

"क्या निकालरे अम्मा?"

"घास."

"कायकू?"

"एक आदमी कू खिलाना है."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की तो आदमी मीच असणार.

दसऱ्याआधी बाग अशी फुलली, की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. झेंडू पिवळाधमक, त्यापुढं कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, आणि मधोमध फेरापुरती मोकळी सोडलेली जागा. फुलांची पहिली टोपली भरून अक्का स्वतः सेक्रेटरींच्या घरी गेल्या. त्यांच्याकडं नाही, त्यांच्या आईकडं. "अम्मा, ह्या वर्षी कचऱ्याजवळ नको. माझ्या बागेत या. पहिली बतुकम्मा तुमच्या हातची."

म्हातारी आली. हळदीची गौरम्मा, म्हणजे आपली गौर, करून तिनं फुलांच्या शेंड्यावर बसवली. सगळ्या बायांनी फेर धरला, त्यात माझी बायकोही. अक्कांना फेर झेपत नव्हता. त्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होत्या.

गाणं संपल्यावर अक्कांनी म्हाताऱ्या अम्मांना अगदी सहज सांगितलं, की दसऱ्यानंतर इथं सिमेंट होणार, गाड्या लागणार.

म्हातारी मुलाकडं वळली. "गौरम्म कूर्चुन्न चोट कारु पेडतावा रा?" गौरम्मा बसली त्या जागी गाडी लावतोस होय रे?

सगळ्या बाया सेक्रेटरींकडं बघत होत्या. ते चपला हातात घेऊन उभे होते. "नै अम्मा," एवढंच म्हणाले.

अक्कांनी टापर सोडली. टक्कल उन्हात चकाकलं. इतक्या गोड आवाजात त्या बोलल्या, की माझ्या अंगावर काटा आला. "सेक्रेटरीसाब, टेप लाए क्या? नापलो ना."

सिमेंट पडलं नाही. दरवर्षी बतुकम्मा इथंच, असं म्हातारीनं तिथंच सगळ्यांसमोर ठरवून टाकलं.

अक्का पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. खांदा द्यायला सेक्रेटरी सगळ्यांत पुढं होते, आणि ते खरंच रडत होते. मला त्यांचा फार राग आला. अक्कांसमोर असे खरे रडले असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं!

त्याआधी काही दिवस मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. आजार पसरलाय, हे डॉक्टरांनी त्यांना सांगून झालं होतं. हाताला सलाइन, आवाज खोल गेलेला.

"जावईबापू, एकाचं उट्टं निघालं. दुसऱ्याचं राहिलं."

"दुसरा कोण, अक्का?"

त्यांनी पोटावर हात ठेवला. "हा. आत बसलेला."

मी पिशवीतली मोसंबी उगाच टेबलावर ओळीनं मांडत बसलो.

"लई विचार केला," अक्का म्हणाल्या. "पण मेल्याला आई नाही हो. आई असती, तर बघितलं असतं त्याच्याकडं."