सत्कार आणि सहा उड्या

मैदानाच्या उत्तर बाजूला लांब उडीचा जो खड्डा आहे, त्याची वाळू एकतीस वर्षं एकाच माणसानं सारखी केली. सगळे त्याला वाळूवाला म्हणत. नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही आणि सांगायची त्याला हौस नव्हती.

तो आला होता फक्त वाळू उतरवायला. गाडीतली पहिली पाटी ओतली, मूठभर वाळू हातात घेतली आणि तिथल्या साहेबाला म्हणाला, "ही वाळू नाही, भरड आहे. हिच्यात पडणाऱ्याचं ढुंगण सोलून निघेल." साहेब हसला. हसला म्हणून नोकरी लागली. तेव्हापासून रोज सकाळी वाळू चाळायची, पाणी मारायचं, गुडघ्याएवढी खोल वरखाली करायची आणि मग दाताळं ओढून अशी सपाट करायची, की वरून मुंगी चालली तर तिची वाट दिसावी.

बायको म्हणायची, "लोक आयुष्यात काहीतरी उभं करतात. तुम्ही खड्डे बुजवलेत."

"बुजवत नाही, सारखे करतो," तो म्हणायचा आणि जेवायला लागायचा.

माणसांबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. बूट घालून वाळूतून आडवे जाणारे, खड्ड्याच्या काठावर बसून शेंगांची टरफलं टाकणारे, यांना तो जनावरांच्याही खाली धरायचा. जनावर निदान वाळू उकरून झाल्यावर झाकतं तरी. पण सगळ्यांत हलके त्याला वाटायचे ते गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणारे. त्यांच्या छातीवर जे लटकतं तेवढंच त्यांचं वजन, असं त्याचं ठाम मत होतं.

उडीवाली मात्र त्याच्या वाळूत एकोणीस वर्षं पडत आली होती. आता ती पस्तिशीची झाली होती आणि तिचे गुडघे जिना उतरताना बोलायला लागले होते. त्या वर्षी कितीतरी देशांची मोठी स्पर्धा नेमकी याच मैदानावर भरली. ही माझी शेवटची, असं तिनं जाहीर केलं. लगेच संघटनेला तिच्या प्रेमाचा उमाळा आला. एकोणीस वर्षांत जिला धड बूट दिले नाहीत, तिला आता निरोप द्यायचा होता, तोही कॅमेऱ्यासमोर. समारंभाची सूत्रं अध्यक्षांच्या मेहुण्याकडे गेली. मेहुण्याचं पडद्यांचं आणि गालिच्यांचं दुकान होतं. खेळाशी त्याचा संबंध तेवढाच.

आदल्या आठवड्यात उडीवाली खड्ड्याच्या काठावर बसून बुटातली वाळू झटकत होती.

"काका, मला निरोपबिरोप नको. मला सहा उड्या हव्यात."

अंतिम फेरीत बारा जणी असतात. प्रत्येकीला तीन उड्या मिळतात. त्यांतल्या पहिल्या आठ जणींना आणखी तीन. उरलेल्या चौघींनी बॅग उचलायची. तिला पदकाची आशा नव्हती. अर्ध्यातून घरी जायचं नव्हतं, एवढंच.

"मग सांग की त्यांना तसं."

"सांगितलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही फक्त हसत राहा."

"आणि तू हो म्हणालीस."

ती बुटाची नाडी बांधत बसली.

"तुला पळता येतं, उडता येतं," वाळूवाला म्हणाला, "नाही म्हणता येत नाही. एकोणीस वर्षांत एवढं एक शिकली नाहीस."

अंतिम फेरीच्या दिवशी बाराही जणींनी धावपट्टीच्या कडेला आपापल्या चिकटपट्ट्या लावल्या. उडी मारणारीचा सगळा जीव त्या पट्टीत असतो. तिथून पाऊल उचललं तर शेवटचं पाऊल बरोबर लाकडी फळीवर पडतं. वीतभर इकडेतिकडे झालं की पाय फळीच्या पुढे, लाल झेंडा, उडी बाद. उडीवाली आपली जागा टेपनं मोजायची नाही. फळीपासून टाचेला बोट लावत, पावलामागे पाऊल ठेवत मागे जायची. एकशे अठ्ठेचाळीस पावलं.

मेहुणा आला आणि त्याला त्या पट्ट्या दिसल्या.

"हा कचरा कुणी चिकटवला?"

"कचरा नाही तो," वाळूवाला म्हणाला, "पोरींच्या खुणा आहेत."

"कॅमेऱ्यात घाण दिसतं, बाबा."

चार गड्यांनी पाच मिनिटांत सगळ्या पट्ट्या खरवडल्या आणि धावपट्टीवर लाल गालिचा अंथरला. गालिचा अर्थातच घरचा. पंच तेव्हा चहा पीत होते.

उडीवाली त्या गालिच्यावरून हसत चालत मंचावर गेली. पाऊण तास भाषणं झाली. मुख्य पाहुण्यांनी तिला 'उंच उडीची राणी' म्हटलं. टाळ्या झाल्या. कुणी दुरुस्ती केली नाही, कारण दुरुस्त करण्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग गालिचा गुंडाळला गेला आणि बाकीच्या अकरा जणींनी आपल्या जागा पुन्हा मोजून घेतल्या. मंचावरची बारावी पुष्पगुच्छ धरून बसलेली. जिचा सत्कार, तिचीच खूण नाही. एवढा मूर्खपणा ठरवून करायला गेलं तरी जमत नाही.

ती खाली उतरली आणि स्पर्धा सुरू झाली. पट्टी अंदाजानं लावली. पहिली उडी बाद, पाऊल फळीच्या पुढे. ती खूण सुधारायला निघाली तर मेहुण्यानं हात धरला. "ताई, एक मुलाखत." मुलाखतीत वेळ गेला. दुसऱ्या वेळी तिनं पट्टी मागे नेली, तर पाऊल फळीच्या दोन हात अलीकडे आलं आणि ती न उडताच वाळूतून पळत गेली. पुन्हा लाल झेंडा. "ताई, पाहुण्यांच्या घरच्यांबरोबर एक फोटो." ती फोटोतही हसली. वाळूवाला ते हसू बघत होता आणि मनातल्या मनात तिलाही शिव्या देत होता.

तिसऱ्या फेरीत तिच्या आधीची मुलगी धावायला उभी राहिली, तेव्हा कुठे ती फोटोतून सुटली. पळत फळीजवळ आली आणि धावपट्टीच्या कडेकडेनं टाचेला बोट लावून मोजायला लागली. तिकडे ती मुलगी वाळूत पडली. तिची उडी मोजून झाली. आता खड्डा सारखा झाला की पंच उडीवालीचं नाव पुकारणार आणि एका मिनिटाचं घड्याळ सुरू होणार. खड्डा सारखा करायला वाळूवाल्याला वीस सेकंद पुरायचे. उडीवालीची अजून तीस पावलंही झाली नव्हती.

तो सावकाश दाताळं ओढू लागला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग परत.

"खड्डा तयार?" पंचानं विचारलं.

"नाही."

"काय राहिलं?"

वाळूवाल्यानं दाताळं खाली ठेवलं. त्यानं उडीवालीकडे बघितलं नाही.

"वाळूत खडा आहे," तो म्हणाला.

"तुमच्या वाळूत?" पंच खरोखरच चकित झाला.

"हो. माझ्या."

तो गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी वाळू चाचपू लागला. एकतीस वर्षं ज्या वाळूत त्यानं तीळभर खडा राहू दिला नव्हता, त्या वाळूत तो सगळ्या जगासमोर खडा शोधत होता. मोठ्या पडद्यावर त्याचं टक्कल दिसलं. लोक हसले. मेहुणा ओरडला, "अहो, एकतीस वर्षं काय फक्त पगार घेतलात?" त्याचे कान तापले. तो कानाकोपरे चाचपत राहिला आणि मनात मोजत राहिला. एकशे चाळीस. एकशे पंचेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस. मग रिकामी मूठ घट्ट आवळून उठला.

"सापडला."

घड्याळ सुरू झालं. उडीवाली धावली. पाऊल फळीवर पडलं, बरोबर मधोमध. पांढरा झेंडा. सहा मीटर एकवीस. नववीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. ती आठवी आली.

ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षांचा आवाज आला. "सत्कारानं खेळाडूला बळ मिळतं, हे आपण आज डोळ्यांनी पाहिलं." वाळूवाला वाळूत थुंकणार होता. वाळूकडे बघून त्यानं थुंकी गिळली.

चौथी उडी बाद झाली, पाचवी आखूड पडली. सहावीला ती धावपट्टीवर बराच वेळ नुसती उभी राहिली, मग निघाली. सहा मीटर चौतीस. पदकाच्या आसपासही नाही. ती पडली तिथेच बसून राहिली, दोन्ही हात वाळूत खुपसून.

"ताई, बाहेर या," पंच म्हणाला.

"बसू द्या तिला," वाळूवाला म्हणाला आणि दाताळं आडवं धरून उभा राहिला. पुढची मुलगी धावपट्टीवर आली होती, तीही थांबली.

उडीवालीनं मान वळवून मंचाकडे बघितलं. गडी खुर्च्या एकात एक घालत होते.

"काका, गेले का सगळे?"

"केव्हाच. जेवायला." त्यानं तिला हात देऊन उठवलं. "एवढं बोलल्यावर भूक लागणारच."