एका पानाचं वजन

हसायचं तर हसा, पण आमच्या ऑफिसात कोणाला सांगू नका. अर्थात, तिथे सगळ्यांना माहीतच आहे म्हणा!

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पावसाचे नकाशे काढते. आणि कॉम्प्युटरमधलं मला इतरांपेक्षा जरा जास्तच कळतं, हा माझा ठाम समज. त्या सोमवारी मी एक देखणा रंगीत नकाशा प्रिंटरला पाठवला आणि ऐटीत चहाला गेले. परत येते तर काय? प्रिंटर ठप्प, आणि त्याच्यासमोर गोखले सर हवालदिल!

गोखले सर म्हणजे आमचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या उसाच्या शेतांत पाऊस मोजायचा, असा त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा प्रस्ताव. छापील प्रत त्याच दिवशी पोचवायची होती.

"अहो मॅडम, हलतच नाही हा."

मी त्यांचा प्रस्ताव उघडला. फोटोच फोटो! "सर, केवढी जड केलीत फाईल! काढा हे सगळं."

"हा एवढा राहू दे. यात पर्जन्यमापकाशेजारी मी उभा आहे."

"सर, तोच तर सगळ्यात जड आहे!"

बिचाऱ्यांनी स्वतःला डिलीट केलं. प्रिंटर ढिम्म. मग ऊस गेला, शेतकरी गेले, रंगीत मुखपृष्ठही गेलं. मला तर चेवच चढला. "अजून काढता येईल ते काढा!" सर निमूटपणे काढत होते आणि प्रिंटरचा दिवा नुसता लुकलुकत होता.

शेवटी सरांनी चष्मा वर सरकवून स्वतःच छपाईची रांग उघडली.

"मॅडम, माझा नंबर दुसरा आहे. पहिला तुमचा."

"अहो, माझं एकच पान आहे! एका पानाने काय होतंय?"

"पान एकच. फाईल मात्र माझ्या फोटोंसकटच्या प्रस्तावाच्या कितीतरी पट."

वाकून पाहिलं, तर खरंच! माझा नकाशा म्हणजे लाखो बारीक चौकोनांची जाळी. पाऊस असेल तसा प्रत्येक चौकोनाला रंग. खरं तर त्या जाळीचं एकच सपाट चित्र करून पाठवायचं असतं. मी प्रत्येक चौकोन सुटा पाठवला होता! प्रिंटर बापडा सकाळपासून एकेक रंगवत बसला होता. अरबी समुद्रातलेसुद्धा, जिथले पावसाचे आकडेच नाहीत! पांढऱ्या कागदावर पांढरे चौकोन!

माझं काम रद्द केल्याबरोबर सरांचा प्रस्ताव सर्रकन बाहेर आला.

"फोटो परत घालूया का सर?" मी पुटपुटले.

"नको. वेळ नाही. शिवाय तुमचा सल्ला पुन्हा ऐकायची ताकदही नाही."

काही महिन्यांनी प्रस्ताव मंजूर झाला. परीक्षकांनी चक्क 'मांडणी सुटसुटीत' असा शेरा मारला! मी लगेच ताठ. "बघा सर, शेवटी माझ्यामुळेच ना?"

"हो तर. फक्त एका तरुण शास्त्रज्ञाला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवण्याबद्दल त्यात एक पान होतं. तेही काढलं."

"अरेरे! ते कशाला काढलंत?"

"त्यावर तुमचा फोटो होता ना. जड होता."